सव्वापाचचा अलार्म

पहाटे सव्वापाच वाजता पुण्यात नेमकं कोण जागं असतं? दूधवाला, पेपरची लाइन टाकणारी पोरं, पर्वती चढायला निघालेले आजोबा, नाइट शिफ्टवाल्यांना घरी सोडणाऱ्या कॅब्ज... आणि ज्यांच्या घरातलं पोर स्विमिंग क्लबला जातं अशी मंडळी! ही जमात ओळखायला एकदम सोपी. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी, खांद्यावर कुणाची तरी गुलाबी सॅक आणि डोळ्यांत उरलेली अर्धी झोप. मागे स्कूटरवर स्वेटर घालून बसलेलं, गॉगल घरूनच कपाळावर चढवून आलेलं एक पिल्लू.

गेली दोन वर्षं मी या जमातीची मेंबर आहे. पिल्लू माझं नाही, माझ्या ताईचं. वय वर्षं आठ, घरात सगळे तिला चिमणीच म्हणतात. ताई बँकेत, तिची ब्रँच चाकणला. सकाळी सातला ती घराबाहेर पडते. जिजाजी मस्कतला. मी आयटीतली, हिंजवडीला साडेदहापर्यंत पोचलं तरी चालतं. मग काय, 'तू सकाळी मोकळीच असतेस' हा निकाल एकमतानं लागला. अपील करायची सोय नव्हती.

पुण्यात लोक 'टँकवर' पोहायला जातात. स्विमिंग पूल हॉटेलात असतो. तर आमच्या भागातल्या टँकवर पहिल्या दिवशी मी चिमणीला घेऊन गेले तेव्हा आमच्या दोघींत एक गोष्ट कॉमन होती. दोघींनाही पोहता येत नव्हतं. ती सहा वर्षांची होती, मी तेहतीसची.

याचं कारण आहे आमची आई. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा आई सहा वर्षांची होती. नारायण पेठेत राहायची. आजोबांनी तिला खांद्यावर घेऊन नेलं, एवढंच ती सांगते. त्यापुढे काही विचारलं की ती भाजी निवडायला लागते. पण त्या सकाळी जे काही तिनं पाहिलं, त्याचा हिशेब आम्हा दोघी बहिणींना चुकवावा लागला. शाळेच्या सहलीला पाणी असेल तर फॉर्मवर सही नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर सगळे बोटीत, आम्ही काठावर मक्याचं कणीस खात उभ्या. गंमत म्हणजे बाबा वाईजवळच्या खेड्यातले, पट्टीचे पोहणारे. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा आणि थोरल्या चुलत्यानं विहिरीत ढकलून द्यायचं, हे त्यांचं कोचिंग. पण आईपुढे त्यांचाही सूर कधी लागला नाही. (पाण्यातला म्हणतेय मी!)

त्यामुळे चिमणीला टँकवर घालायचं ठरलं तेव्हा आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाण्याशी खेळ नको." ताई म्हणाली, "खेळ नाही गं आई, क्लास आहे." या एका शब्दावर परवानगी मिळाली. मध्यमवर्गीय घरात क्लास म्हटलं की सगळं माफ असतं.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी सर हात-पाय मारायला शिकवतील. छे! पहिले चार दिवस नुसते बुडबुडे. बेबी टँकमध्ये कठड्याला धरून उभं राहायचं, बाहेर तोंडानं श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाका-तोंडानं हळूहळू सोडायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. पन्नास वेळा. मी गॅलरीत बसून फोनवर मेल बघत होते आणि मनात फीचा हिशेब करत होते. चार दिवसांत बुडबुडे! पण नंतर सरांनी फंडा समजावला. नवशिका माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. मग डोकं बाहेर काढलं की आधी आतली हवा सोडायची की नवी घ्यायची, याचा गोंधळ होतो आणि दोन्ही नीट होत नाही. दमछाक होते ती हातापायांमुळे कमी आणि या गोंधळामुळे जास्त. श्वास पाण्यातच सोडून झाला असेल तर बाहेर फक्त घ्यायचा उरतो. सगळं पोहणं या एका सवयीवर उभं असतं.

त्यानंतर तरंगणं. पालथं, मग उताणं. त्यानंतर 'पेन्सिल'. भिंतीला पाय लावायचे, दोन्ही हात डोक्यावर सरळ, तळहातावर तळहात, दंड कानांना चिकटलेले, हनुवटी आत आणि द्यायचा रेटा. हात-पाय काहीही न हलवता जितकं पुढे जाता येईल तितकं जायचं. क्लबच्या भाषेत याला स्ट्रीमलाइन म्हणतात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. शिवाय वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणजे नुसती ताकद लावून फार काही हाती लागत नाही. पाण्याला कमीत कमी अडेल असा शरीराचा आकार करायचा, हे पहिलं काम. हात मारणं नंतर. सर पोरांना सांगतात, "आधी आकार, मग जोर. घड्याळ सगळ्यात शेवटी."

वर्षभरात मी पाण्यात पाय न घालता फ्रीस्टाइलवर भाषण देण्याइतकी तयार झाले. नजर खाली, टँकच्या तळाकडे. डोकं वर उचललं की कंबर बुडते आणि माणूस चढावर सायकल मारल्यासारखा पोहतो. पाय गुडघ्यातून मारायचे नाहीत, मांडीपासून. हात पाण्यात गेला की कोपर उंच ठेवायचं आणि पंजा ते कोपर हे सगळं एक वल्हं समजून पाणी मागे लोटायचं. श्वासाला मान वळवायची, तीही इतकीच की गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे. हे सगळं एकाच वेळी जमवायचं, तेही दुधाचे दात पडत असताना!

म्हणून मग ड्रिल्स. एकेक गोष्ट सुटी करून घोटायची. मुठी मिटून फ्रीस्टाइल मारायचं, म्हणजे पंजा नसताना कोपराखालच्या हातानं पाणी कसं धरायचं ते कळतं. एक हात पुढे ठेवून दुसरा त्याला येऊन मिळेपर्यंत थांबायचं. बॅकस्ट्रोकला कपाळावर पाण्यानं अर्धा भरलेला प्लॅस्टिकचा ग्लास ठेवायचा. ग्लास पडला की डोकं हललं. एका रांगेत आठ पोरं कपाळावर ग्लास घेऊन उताणी चालली आहेत, हे दृश्य बघायला तरी एकदा टँकवर जा. आणि हो, टँकच्या दोन्ही टोकांना वर त्या रंगीत पताका असतात ना, त्या गणपतीच्या उरलेल्या नसतात! भिंतीपासून पाच मीटरवर त्या बांधलेल्या असतात. उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. पताका दिसल्या की हात मोजायचे. चिमणीचे सध्या सहा होतात. सातव्याला डोकं आपटतं.

मोजणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलला पाणी भरलं. भिंत दिसेना. तो आपले हात मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत विश्वविक्रम करून गोल्ड घेऊन आला. हाच फेल्प्स सात वर्षांचा असताना पोहायला गेला तेव्हा त्याला पाण्यात तोंड घालायला आवडत नव्हतं, म्हणून त्याला आधी बॅकस्ट्रोक शिकवला गेला. ही गोष्ट मी चिमणीला बुडबुड्यांच्या काळात सांगितली होती. ती म्हणाली, "मग त्याला त्याच्या आईनं पाण्यात का टाकलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दीड वर्षानंतर एका सकाळी सरांनी मला थांबवलं. "हिला कॉम्पिटिशन बॅचला टाका. पाण्याचा फील चांगला आहे. आठवड्यातून सहा दिवस, पावणेसहा ते सव्वासात." मी फील म्हणजे काय ते विचारलं. ते म्हणाले, "काही पोरं पाण्याशी मारामारी करतात. ही करत नाही."

आता इथून खरी गोष्ट सुरू होते. हॉबी बॅचच्या गॅलरीत आईबाप गप्पा मारतात, कुणी पेपर वाचतं, कुणी पेंगतं. कॉम्पिटिशन बॅचच्या गॅलरीत स्टॉपवॉच असतात. सरांकडे असतं ते ठीक, इथे तर आईकडे एक, बाबांकडे एक आणि दोघांच्या टायमिंगवरून गाडीत बसेपर्यंत वाद. एक गृहस्थ लेकाच्या प्रत्येक लॅपला रेलिंगवर वाकून ओरडायचे, "पाय मार, पाय मार!" पाण्यात कान बुडालेल्या पोराला त्यातलं अक्षरही ऐकू जात नव्हतं. ते ओरडणं गॅलरीसाठीच होतं बहुतेक. दुसऱ्या एकांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "जन्मदाखल्याचं आत्ताच बघून ठेवा. एक वर्ष कमी दाखवलं तर पुढच्या ग्रुपला खूप फायदा होतो." स्पर्धा वयोगटांत होतात आणि या वयात एका वर्षाची उंची म्हणजे केवढा फरक, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "अहो, तिचा वाढदिवस टँकवर सगळ्यांना माहीत आहे, गेल्या वर्षी पेढे वाटलेत." ते हसले. मी नाही हसले.

घरी रविवारी मीटिंग भरली. मस्कतहून जिजाजी व्हिडिओवर. त्यांचं म्हणणं, "करियर करणार आहे का ती स्विमिंगमध्ये? नाही ना? मग सहा दिवस कशाला?" ताई म्हणाली, "करियर नाही करायचं म्हणून अर्धवटच शिकायचं का?" मी वीरधवल खाडेचं नाव काढलं. कोल्हापूरचा मुलगा, २००८ ला सोळाव्या वर्षी ऑलिम्पिकला गेला, २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ आणलं. १९८६ मध्ये खजान सिंगनं मिळवलेल्या सिल्व्हरनंतर स्विमिंगमधलं भारताचं ते पहिलं एशियाड मेडल. पुढे तहसीलदार झाला. 'तहसीलदार' ऐकल्यावर जिजाजींचा चेहरा जरा उजळला. मी लगेच पुढची गोष्ट सांगितली. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला तोच खाडे चौथा आला, ब्राँझ एक शतांश सेकंदानं हुकलं. एवढी वर्षं घासून शेवटी एक शतांश सेकंद! पोराला या शर्यतीत उतरवायचं तर हेही माहीत असलेलं बरं.

आई तोवर कोपऱ्यात शेंगा सोलत होती. एकदम म्हणाली, "तिला विचारलं का?"

चिमणीला विचारलं. ती म्हणाली, "मला टर्न मारायचाय." भिंतीजवळ कोलांटी मारून पायानं रेटा द्यायचा तो फ्लिप टर्न फक्त कॉम्पिटिशन बॅचला शिकवत. मेडल, ऑलिम्पिक, तहसीलदार, कशाशी तिचं घेणं-देणं नव्हतं. तिला पाण्यात कोलांटी मारायची होती. शेवटी सरांशी बोलून चार दिवस ठरले. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी. सर म्हणाले, "चालेल. पण पहिले सहा महिने हिचं टायमिंग मला विचारायचं नाही." आम्ही आनंदानं कबूल केलं.

गेल्या मे महिन्यात तिची पहिली इंटर-क्लब मीट होती. इव्हेंट ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, टँक २५ मीटरचा, म्हणजे जाऊन यायचं. ताईनं रजा टाकली. आणि आदल्या रात्री आई म्हणाली, "मीही येते." टँकची पायरी ती पहिल्यांदा चढत होती. गॅलरीत ती सगळ्यात वरच्या रांगेत, पाण्यापासून लांबात लांब जागा बघून बसली. पर्स घट्ट मांडीवर.

शिट्टी झाली, बझर वाजला, सहा पोरींनी सूर मारले. आईनं डोळे मिटून घेतले ते चिमणीचं डोकं वर येईपर्यंत. ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे आपलं बेडूक. हात ओढ, पाय मार आणि मग क्षणभर काही न करता सरकत राहा. हे काही न करणं पोरांना सगळ्यात जड जातं, पण चिमणीला जमत होतं. पंचवीसला ती चौथी होती. परत येताना दोघींत खेचाखेच झाली आणि ती तिसरी आली! ताई उभी राहून ओरडत होती. मला तर खाली उडी मारावीशी वाटत होती. पोहता येत नसताना!

पाच मिनिटांनी रिझल्ट आला. तिच्या नावापुढे वेळ नव्हती. डिस्क्वालिफाय. ब्रेस्टस्ट्रोकला टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. टर्नला तिचा डावा हात आधी लागला होता. अंपायरनं बघितलं होतं आणि बरोबर बघितलं होतं.

आम्ही खाली गेलो तेव्हा सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले होते. कोरड्या भिंतीवर दोन्ही पंजे टेकवून दाखवत होते, "असे. वर-खाली झाले तरी चालतील, पण एकदम." ती मान डोलवत होती. ओठ थरथरत होता, पण रडली नाही. तेवढ्यात आई जिना उतरून आली.

"काय झालं गं?"

"काढून टाकलं, आजी. हात एकदम लागले नाहीत."

"म्हणजे पोहलीस ते धरलंच नाही?"

"अं हं."

आईनं यावर जरा विचार केला. मला वाटलं, आता ती म्हणणार, बास झालं, उद्यापासून घरी. पण तिच्या मनात भलताच प्रश्न होता. "मधेच दम लागला असता तर काय केलं असतंस?"

चिमणीनं तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "काय म्हणजे? उताणं पडायचं." आणि आजीला हे माहीतच नाही असं लक्षात आल्यावर तिनं सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली, आणि ती शेजारच्या वॉर्मअपच्या टँकमध्ये उतरली. "बघ हं." पाठीवर पडली. कान पाण्यात, पोट वर, हात बाजूला पसरलेले, तळवे आकाशाकडे. काहीही करत नव्हती. पाण्यानं तिला धरून ठेवलं होतं.

आई कडेला आली. पायाखालच्या ओल्या फरशीकडे तिचं लक्षही नव्हतं. "किती वेळ राहता येतं असं?" तिनं विचारलं. चिमणीला ऐकू गेलं नाही, तिचे कान पाण्यात होते. म्हणून मी सांगितलं, "हवा तेवढा वेळ, आई."

आई बराच वेळ बघत उभी राहिली. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, "हे तुम्हा दोघींना यायला हवं होतं."

बस. त्यावर कुणी काही बोललं नाही. परतताना तिनंच रिक्षा थांबवून सगळ्यांना मस्तानी पाजली. पोहून आलेल्या पोराची भूक काय असते, ते तिनं तेव्हा प्रथम पाहिलं. घरी गेल्यावर चिमणीनं पोह्यांच्या दोन डिश संपवल्या, तिसरी आईनं न विचारता भरली.

त्यानंतरच्या मीटमध्ये चिमणीचे हात एकदम लागले. ती पाचवी आली. वेळ लागली, नाव लागलं, आणि आजीनं देवघरापुढे साखर ठेवली. पाचव्या नंबरसाठी आमच्या घरात याआधी कुणीही साखर ठेवलेली नाही. मी दहावीला शाळेत दुसरी आले होते, तेव्हासुद्धा नाही!

मी आणि ताईनं जूनमध्ये लेडीज बॅच लावली. ताई शनिवार-रविवार, मी आठवड्यातून तीन दिवस, चिमणीच्या बॅचनंतर लगेच. पहिल्या दिवशी कठड्याला धरून उभी होते तर शेजारी गुडघ्याएवढ्या पायरीवर टॉवेल गुंडाळून माझी कोच बसली होती. "मावशी, नाक नाही धरायचं. बुडबुडे सोड. हळू. सगळे एकदम नाही." मी तीस केले. ती म्हणाली, "अजून वीस राहिले."

अजून माझं पूर्ण पंचवीस मीटर होत नाही. पण मी उताणी पडू शकते. कान पाण्यात गेले की बाहेरचं जग एकदम म्यूट होतं. डेडलाइन, अप्रेझल, वाकडचं ट्रॅफिक, काही ऐकू येत नाही. फक्त आपलाच श्वास.

तेव्हा मंडळी, तुमच्या ऑफिसात सकाळच्या मीटिंगला कुणी ओल्या केसांनी आलं, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ असले आणि क्लोरीनचा वास येत असला, तर नाक मुरडू नका. कॉफी मागवा. आणि जमलंच तर विचारा, बॅच किती वाजता असते ते. आमच्याकडे अजून दोन-तीन जागा आहेत.